तुझी उरलेली काडतुसे

प्रिय वर्ना रूथ ऑल्ब्राइट,

तू गेल्यानंतर आपल्या नेमबाजी क्लबने ॲल्युमिनियमच्या काडतुसांवर बंदी घातली. झाडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या वेचून सभासदांना पुन्हा भरता येतात. ॲल्युमिनियमच्या भरता येत नाहीत आणि पितळेत मिसळून त्रास देतात, असे कारण दिले आहे. तुझी त्याच काडतुसांची, सरावाची अर्धी पेटी मात्र कपाटात शिल्लक होती.

आज ती घेऊन मी रेंजवर गेलो. अध्यक्ष ड्वेन म्हणाला, "प्रोफेसर, एवढं शिकलात, पाटी वाचता येत नाही? टाका ती पेटी कचऱ्यात."

"वर्नाची काडतुसे कचऱ्यात जाणार नाहीत."

"मग सभासदत्व जाईल."

"जाऊ द्या."

सर्व काडतुसे मी लक्ष्यावर झाडली. नेम तुझ्यासारखा नव्हता. नंतर गुडघे टेकून पुंगळ्या वेचल्या. पितळेत एकही राहू दिली नाही. बाकाखाली गेलेली एक ड्वेनने वाकून काढली. "घ्या, तुमच्या बाईंची आहे," एवढेच तो म्हणाला.

मी आभार मानले. क्षमा मागितली नाही.

तुझाच,
लेलंड

ता. क. निघताना रेंजच्या दाराला मीच कुलूप लावले आणि सभासद म्हणून मिळालेल्या आपल्या दोघांच्याही किल्ल्या क्लबला परत केल्या.