मोडेमचं पलीकडचं टोक

दि. ४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पार्सल पोचलं असेल. आतली उघडी हिरवी पट्टी बघून भाऊजी म्हणाले असतील, की काम अर्धवट टाकून पाठवलंय. त्यांना सांग, ती तशीच असते. मोडेमची चिप विकत घेण्याआधी कंपन्या ती अशा चाचणीच्या बोर्डावर लावून पारखतात. एक बोर्ड माझ्या टेबलावर, दुसरा आता तुझ्याकडे. इथे शेजारी शेजारी ठेवले की दोघे छान बोलतात. पण लांबच्या, खरखरणाऱ्या लाइनवर बोलतात का ते बघायचंय, आणि तुमच्या फोनइतकी खरखर माझ्या ओळखीत दुसऱ्या कुणाकडे नाही.

फोनची वायर बोर्डात घाल, दुसरी केबल तुझ्या टायपिंगच्या कॉम्प्युटरला लाव. मी दुपारी तीनला फोन करीन. घंटा वाजली की बोर्ड आपणहून उचलेल. कुणीही मध्ये रिसीव्हर उचलायचा नाही. कुणीही म्हणजे भाऊजींनी. महिनाअखेर ग्राहक बघायला येणार आहेत. तोवर जमलं नाही तर साहेब हे काम गुंडाळून मला मॅन्युअलच्या चुका काढायला बसवणार आहेत.

बाबांची तब्येत ठीक आहे. भाऊजींनी त्यांचं भिंतीवरचं घड्याळ प्रेमाने साफ केलं आणि शेवटी तीन चाकं उरली, त्याला वर्ष होईल. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस, अजून तुमच्या घराचं नाव काढत नाही. मीही काढत नाही. तुझ्या सासूबाईंना नमस्कार.

लोभ आहेच, लाइन तुटली तरी तो तुटू देऊ नकोस.
तुझी धाकटी

दि. ९ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

बोर्ड लावला. पहिल्या दिवशी घंटा वाजताच तुझे भाऊजी आंघोळीतून टॉवेल गुंडाळून धावत आले आणि रिसीव्हरमध्ये विचारू लागले, की आपण कोण, कुठून बोलताय, जरा सावकाश बोला. तुझं यंत्र किंचाळत राहिलं, हे नम्रपणे विचारत राहिले. आता तीनच्या सुमाराला मी त्यांना कोपऱ्यावर भाजी आणायला पाठवते. घरात भाजीचा ढीग झालाय. सासूबाईंचं म्हणणं एवढंच, की यंत्राचा आवाज जरा खालच्या पट्टीत लावता आला तर त्यांना दुपारी डोळा लागेल.

एक वेडेपणा सांगते, हसू नकोस. गेले कित्येक महिने दुपारी एक फोन यायचा. मी हॅलो म्हटलं की पलीकडचं माणूस क्षणभर थांबायचं आणि ठेवून द्यायचं. हे म्हणायचे राँग नंबर. आता तो फोन आला तरी बोर्डच उचलत असेल, आणि मला उगाच चुकल्याचुकल्यासारखं होतं.

जेवणाकडे लक्ष दे, आणि आमच्याकडेही देत जा.
तुझी ताई

दि. १२ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तीन दिवस दुपारी तीनला तुझा फोन एंगेज. मी बोर्ड बदलला, केबल बदलली, साहेबांसमोर तुमच्या टेलिफोन खात्याला नावं ठेवली. मग काल संध्याकाळी बाबा चहा घेताना सहज विचारावं तसं म्हणाले, की ताईकडे कुणी आजारी आहे का. मी विचारलं, का? तर म्हणाले, कुणाकडून तरी कानावर आलं, तिच्या घरी कुणीतरी किंचाळतं. आधी एकच लांब सूर, मग दोन चढते, मग नुसती फसफस. ताई, त्यांनी ती फसफससुद्धा करून दाखवली. तो आवाज तुझा नंबर फिरवल्याशिवाय ऐकू येत नाही.

आज सकाळी बाबा जुन्या मित्राकडे जातो म्हणून पिशवी भरून निघाले. त्यांचा तो मित्र तेव्हा आमच्याच अंगणात खुर्ची टाकून माझ्यासमोर बसला होता. हे पत्र तुला मिळण्याआधी तेच दारात उभे असतील.

माया वाढव, आणि चहा जरा जास्त टाक.
तुझी धाकटी

दि. १६ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

आले. दारातच सगळ्यांना एकेक करून न्याहाळलं, सगळे धडधाकट दिसल्यावर मग रागावले. ह्यांनी त्यांना लगेच बोर्डापाशी नेलं. तासाभराने डोकावले तर दोघे शेजारी शेजारी वाकून बोर्डाच्या पिनांवरची एक छोटी प्लास्टिकची टोपी इकडून तिकडे लावून बघत होते. ती मी जागेवर बसवली आणि दोघांना बाहेर काढलं. तेव्हापासून त्यांची गट्टी आहे, माझ्याविरुद्ध.

त्या फोनबद्दल मी विचारलं नाही. तेच काल दुपारी फोनकडे बघत म्हणाले, की तू हॅलो जरा जास्तच हळू म्हणतेस. मला स्वयंपाकघरात जाऊन थोडा वेळ थांबावं लागलं. तुझी चाचणी होईपर्यंत देखरेखीला राहतो म्हणतात.

आपलं माणूस म्हणून हक्काने लिहीत राहा.
तुझी ताई

दि. ३० मार्च

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

काल ग्राहक आले. साहेब नवा टाय लावून उभे. मी नंबर फिरवला, सूर चढले, फसफस झाली, लाइन जुळली आणि खरखरीतही टिकली. ठरल्याप्रमाणे ताईने चाचणीचा मजकूर टाइप करायचा होता. पडद्यावर इंग्रजी अक्षरांत उमटलं, जेवलीस का.

ग्राहकांनी विचारलं, ही कुठली आज्ञा. मी म्हटलं, पलीकडचं टोक शाबूत आहे का ते आमच्याकडे असंच विचारतात. त्यांनी ते लिहून घेतलं. मी उत्तर टाइप केलं, हो. तुमची पुढची ओळ लगेच आली, खोटं बोलू नकोस.

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी ग्राहकांना सांगितलं, की आमचा बोर्ड चूकही पकडतो. ते खूश होऊन गेले, आणि मग मी जेवले.

आशीर्वाद असावा, आणि परत यायची मुळीच घाई करू नये.
आपली धाकटी