स्वस्तातलं तेजाब

अब्बा, दुपारपासून पडूनच आहे. पाय ठणकतायत. पडल्यापडल्या तुमच्याशीच बोलत होते, मग वाटलं, उठून लिहावं. घरात तुम्ही आपली दखनी बोलायचात, पण मी मराठी शाळेत शिकले, त्यामुळे हात मराठीतच चालतो. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमचा आवाज ऐकायचा तर आधी पिंपरीचं ते घर डोळ्यापुढे आणावं लागतं. घरामागची पत्र्याची शेड, आणि तिथे वाद घालत बसलेले तुम्ही आणि चाचा.

रेडिओच्या नि टेलिफोनच्या कारखान्यांतून निघालेलं भंगार तुम्ही घ्यायचात. बाकीचे भंगारवाले त्यातलं तांबं-पितळ बघायचे, तुम्ही सोनं-चांदी शोधायचात. चांदीचे बारके टिकले एकीकडे, सोन्याचा मुलामा दिलेल्या पिना दुसरीकडे, आणि दोन्हींना तेजाब वेगळं. चांदीला लॅबमधली शुद्ध बाटली, महागातली. पिनांना वेताच्या टोपलीतल्या मोठ्या बुधल्यातलं कमर्शियल. तुमच्या या धाकट्या भावाला ते पटायचं नाही. "भाई, दोन्ही नायट्रिकच ना? मग एकच आणू की." त्यावर तुम्ही ग्लासात थोडं कमर्शियल ओतायचात आणि चांदीचा एक तुकडा त्यात सोडायचात. तो विरघळता विरघळता ग्लास दुधासारखा गढूळ व्हायचा. "बघ, यात मिठाचा अंश आहे. आपली चांदी गाळात जाते. पिनांना मात्र चालतं. तिथे त्याने नुसतं खालचं तांबं खायचंय, सोनं आपोआप सुटतं." चाचा हसून म्हणायचा, "तुम्ही भंगारात कसे आलात, भाई? मास्तर व्हायचं होतं."

त्या दिवशी तुम्ही माल बघायला राजगुरुनगरला गेला होतात. थंडीचे दिवस. मी दहावी होऊन घरी बसलेली, अम्मीबरोबर स्वयंपाकघरात भाकऱ्या थापतेय. मागे चाचाने पिनांवर तेजाब ओतलं आणि तो तांबूस धूर नेहमीसारखा उठला. एरवी शेडचं दार सताड उघडं असायचं. पण शेजारच्या घरी लेक बाळंतपणाला आलेली. शेजारीण कुंपणापाशी येऊन म्हणाली, "भाबी, लेकराला लई ठसका लागतोय वो. तेवढं कायतरी बघा की." तिच्या बोलण्यात राग नव्हता, काकुळतीच होती. अम्मीने पिठाच्या हातानेच मागे जाऊन चाचाला सांगितलं, "दार लावून घे रे, तान्हं पोर आहे तिकडे." चाचा म्हणाला, "लावतो, भाबी." दार लावून तो आतच थांबला. भांडं उतू जाईल म्हणून ते सोडून बाहेर येता येत नव्हतं.

बाहेर आला तेव्हा डोळे लाल होते, बाकी काही नाही. संध्याकाळी तुमच्या शेजारी बसून जेवला. अधूनमधून खोकत होता, पण माझ्या लग्नावरून मला चिडवण्याइतका ठीक होता. पहाटे त्याला श्वास घेता येईना. तोंडाला फेस आला. तुम्ही टेम्पोत घालून त्याला दवाखान्यात नेलंत आणि दुपारच्या आत तो गेला. डॉक्टर म्हणाले, तेजाबाचा धूर छातीत भरला. तुम्ही त्यांना एकच विचारलंत, "हलक्या दर्जाचं होतं, म्हणून का?" ते घाईत होते. चालता चालता म्हणाले, "असेल."

त्या एका शब्दावर तुम्ही उरलेलं आयुष्य काढलंत. बुधला चुन्याच्या खड्ड्यात रिकामा केलात, शेड मोडलीत, स्टोव्ह दुरुस्त करायला बसलात. पण मला जास्त आठवतं ते तुमचं बाजारात जाणं. परत तुम्ही कधी भाव केला नाहीत. चहापत्ती, रॉकेल, छत्री, जे घ्याल ते दुकानातलं सगळ्यात महाग. मी एकदा फुटपाथवरून चपला आणल्या तर तुम्ही माझ्यावर ओरडलात. आयुष्यात पहिल्यांदा. "सस्ती चीज घर में नहीं आएगी!" आणि दुसऱ्या दिवशी चामड्याच्या घेऊन आलात. अम्मी चुलीपाशी नुसती बघत राहिली. त्या चपला मला चावायच्या, पण मी त्या झिजेपर्यंत घातल्या.

तुम्ही गेल्यावर बऱ्याच वर्षांनी मी चाकणला मुलाम्याच्या कारखान्यात लागले. एकदा तिथे सेफ्टीचं ट्रेनिंग होतं. शिकवणारा मुलगा अगदी तरुण. मी हात वर करून तुमचाच प्रश्न विचारला. तो म्हणाला, "नाही ताई, ग्रेडचा संबंध नाही. शुद्ध घ्या नाहीतर कमर्शियल, तांब्यावर पडलं की धूर तोच. हवा खेळती पाहिजे, बास. आणि हा धूर लगेच मारत नाही. माणूस घरी जातो, जेवतो, झोपतो." नंतर कँटीनमध्ये मी चहा घेऊन बसले तो प्यायलाच गेला नाही. तुम्ही निवडलेलं तेजाब त्या मालाला बरोबरच होतं, अब्बा. लॅबची बाटली असती तरी चाचा गेलाच असता.

पहिल्यांदा वाटलं, हे ऐकायला तुम्ही हवे होतात. मग दार आठवलं. ते कुणी लावायला सांगितलं, का सांगितलं, हे तुम्ही कधी विचारलंच नाही. बुधल्यापलीकडे तुमची नजर गेलीच नाही.

अम्मी आतल्या खोलीत झोपलीय. ऐंशीच्या पुढे गेली. धूर कोंडला तो त्या दारामुळे, हे तिला ठाऊक आहे का, मी विचारलेलं नाही. हा कागद मी फाडणार आहे, आणि जाता जाता खरं ते सांगते. आज तुम्ही समोर असतात, तर तेजाब बरोबर होतं एवढंच मी बोलले असते. "मग तो कशाने गेला?" असं तुम्ही विचारलं असतंत, तर मी म्हटलं असतं, मला नाही माहीत.