आण्णांच्या मीटरची चौतीस हवा

कावळा नाका, कोल्हापूर
२ नोव्हेंबर २००३

चि. संघप्रिया हिस आण्णाचे अनेक आशीर्वाद व सप्रेम जयभीम. वि. वि.

आधी सगळ्यांच्या तब्येती. तुझ्या बाबाचा गुडघा कसा आहे? बाळासोला माझा निरोप सांग, वारणानगरला डेअरीत तीस वर्षं उभा राहून गुडघा झिजवलास, आता पुण्यात पोरीजवळ राहतोस तर दवाखान्यात जायला कसली लाज? अंजना बीपीची गोळी रोज घेते की आठवण झाली की घेते? तुझं जेवण वेळेवर होतं का? काकी म्हणते, पोरगी दिवाळीला आली तेव्हा पार वाळलेली दिसली. आणि चौथी चौकशी तुझ्या लाल गाडीची. तिचं पुढचं डावं चाक अजून कुरकुरतं का?

इकडे तानाबाई, म्हणजे तुझी काकी, ठणठणीत आहे. माझे कान तेवढे गेलेत. चाळीस वर्षं टायरच्या दुकानात कॉम्प्रेसरशेजारी बसल्यावर दुसरं काय होणार! परवा तू फोनवर काय बोललीस ते मला निम्मंच कळलं, म्हणून हे पत्र.

टायरच्या हवेचे आकडे लिहून ठेव. पुढं चौतीस, मागं छत्तीस. सकाळी, गाडी हलवायच्या आधी. उजळाईवाडीच्या रस्त्यावर आपण टायरच्या कडेवर खडूच्या रेघा मारल्या, तू वळणं घेतलीस आणि मी कडेला उभा राहून बघत होतो, ते आठवतं ना? पहिल्या खेपेला खडू कडेच्या पार खाली, टायरच्या गालापर्यंत पुसला गेला. म्हणजे हवा कमी, टायर वळणावर कलंडतोय. हवा वाढवत गेलो आणि चौथ्या खेपेला खडू बरोबर कडेपाशी थांबला. तीच ही हवा. यात माझं शहाणपण काही नाही, माझ्या उस्तादांनी, दस्तगीर मिस्त्रींनी शिकवलेलं आहे. त्यांनी त्रेसष्ट साली स्वतःचा हवा मोजायचा पितळी मीटर माझ्या हातात दिला आणि सांगितलं की आजपासून हा तुझा. तेव्हा माझ्या हातचं पाणी न घेणारी माणसंसुद्धा माझ्या हातची हवा घेऊन जायची. हसायला यायचं मला.

तू अकरा वर्षांची असताना मे महिन्यात इथं यायचीस आणि पाण्याच्या टबात ट्यूब दाबून बुडबुडे शोधायचीस. फ्रॉक भिजला म्हणून काकी ओरडायची. परवा तुला गाडी वळवताना बघितलं आणि तो भिजका फ्रॉकच डोळ्यापुढं आला.

घरच्यांना जयभीम. लोभ आहे तो गळू देऊ नकोस.
तुझा आण्णा


पुणे
१३ नोव्हेंबर २००३

ती. आण्णा व काकी यांस सविनय जयभीम. वि. वि.

सगळे बरे आहेत. बाबा दवाखान्यात गेले, आईची गोळी आता मीच देते. वाईट बातमी गाडीची आहे. मला काही झालेलं नाही, हे आधी वाचा.

मागच्या आठवड्यात मी डिजिटल मीटर घेतला. तुमच्या आकड्यांशी ताडून बघितलं तर चारही चाकांत चार-चार पौंड हवा कमी दाखवली. उतरली असेल म्हणून पुढं चौतीस, मागं छत्तीस करून घेतली. रविवारी पहाटे कात्रजच्या घाटात गेले. तिसऱ्या वळणावर गाडीचा मागचा भाग एकदम सुटला. गाडी अर्धी फिरली आणि कठड्याला घासून थांबली. दार चेपलंय.

बाबा म्हणाले की गाडी विकून टाक. शेवटी मी शब्द दिलाय, पुन्हा एकदा जरी अशी घसरली तरी विकेन. चौदा डिसेंबरला मैदानावरच्या शर्यतीत नाव घातलंय. शंकू लावलेले असतात, त्यांच्यामधून कमीत कमी वेळात गाडी काढायची. आण्णा, ही गाडी मला विकायची नाही. तुमच्याकडून परत येताना ती इतकी छान वळत होती, मग आता काय झालं? बाबा म्हणतात, म्हाताऱ्याचं औषध घेतलंस, भोग. मनावर घेऊ नका.

तुमची,
संघप्रिया


कोल्हापूर
१९ नोव्हेंबर २००३

चि. संघप्रिया हिस आशीर्वाद व जयभीम. वि. वि.

तू सुखरूप आहेस, बाकी दाराचं काय, दार ठोकून सरळ होतं. पण एक स्पष्ट लिहितो. सेलवर चालणाऱ्या खेळण्यावर विश्वास ठेवून हवा भरलीस, ही चूक तुझी. माझ्या मीटरवर या कोल्हापूरच्या दोन पिढ्यांच्या गाड्या धावल्या. चौऱ्याण्णव साली इथली पोरं मैदानावर शर्यत लावायची तेव्हा गाडी आधी माझ्या दारात आणायची आणि मग मैदानात न्यायची. जिंकून आली की पेढे द्यायची. तेव्हा कुणी म्हाताऱ्याचं औषध म्हटलं नाही. बाळासोला म्हणावं, तुझ्या सायकलची हवासुद्धा मीच भरायचो, विसरलास काय?

ते खेळणं दुकानदाराला परत कर.
आण्णा


कोल्हापूर
२५ नोव्हेंबर २००३

चि. संघप्रिया हिस आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहितोय. मागचं पत्र फाडून टाक.

ते पेटीत टाकून आलो आणि तुझं पत्र पुन्हा वाचायला घेतलं. चारही चाकांत चार-चार पौंड कमी, या ओळीपाशी अडकलो. पंक्चर असेल तर एक चाक बसतं. चारही चाकांतून सारखीच हवा जायला ती काय ठरवून निघाली होती? चहा तसाच टाकला आणि पितळी मीटर घेऊन पलीकडच्या नव्या टायरवाल्याकडं गेलो. त्याच्याकडं तीन मीटर आहेत. एकच चाक चारही मीटरांवर मोजलं. त्याच्या तिन्हींवर तीस, माझ्यावर चौतीस.

आतली स्प्रिंग ढिली झालीय पोरी. कधीपासून, देव जाणे. देव न मानणाऱ्यानं असं लिहावं लागलं, बघ. मी हवा ठरवतो ती खडूवर आणि टायर तळहातानं दाबून. आकडा नुसता लक्षात ठेवायला. गिऱ्हाईक पुन्हा माझ्याकडंच, त्याच मीटरवर, म्हणून कधी उघडं पडलं नाही. मी तुला दिलेली हवा बरोबर होती, आकडा खोटा होता. तू खऱ्या मीटरवर माझा खोटा आकडा भरलास, चाकं दगडासारखी टणक झाली आणि मागचं बूड सुटलं. पलीकडं दरी होती. चूक माझी. वर तुलाच बोललो.

त्या दिवसापासून जुनी गिऱ्हाइकं गाठून सांगतोय. कुरुंदवाडच्या गणपतरावांकडंही एसटीनं जाऊन आलो. ते पोट धरून हसले. म्हणाले की आण्णा, मीटर चुकला तर चुकू दे, आमच्या जीपचा काटा सत्त्याऐंशी सालापासून चाळीसवरच हाय, गाडी उभी असली तरी! मला हसू आलं नाही.

पुढं तीस, मागं बत्तीस कर. आणि यापुढं गाडीचं मला विचारू नकोस.
आण्णा


पुणे
१ डिसेंबर २००३

ती. आण्णांस सविनय जयभीम. वि. वि.

तुमची दोन्ही पत्रं पोचली. पहिल्यावर मी रागावले होते, दुसरं आईला दोनदा वाचून दाखवलं.

चार पौंड काढले. गाडी पुन्हा दिवाळीतल्यासारखी वळते. पण मीच वळत नाही आण्णा. वळण दिसलं की माझा पाय आपोआप ॲक्सिलेटरवरून निघतो. मनात येतं, हाही आकडा चुकला असेल तर? तेरा तारखेला, शनिवारी, मैदानावर सराव आहे. तुम्ही या. खडू घेऊन या, हवा तुमच्या हातानं भरा. मीटर माझा वापरू. बाबा बघायला येणार आहेत. तुम्ही आला नाहीत तर मी नाव काढून घेईन, आणि मग गाडी ठेवून तरी काय करायचं?

गाडीचं विचारू नकोस म्हणालात. मग कुणाला विचारू?

तुमची,
संघप्रिया


कोल्हापूर
५ डिसेंबर २००३

चि. संघप्रिया हिस अनेक आशीर्वाद व सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी नकाराचं पत्र लिहिलं. हात कापतो, डोळ्याला दिसत नाही, असली चार कारणं घातली. काकीनं ते वाचलं आणि मला उभा-आडवा झोडला. म्हणाली की पोरीला कठड्यावर घालताना हात कापला न्हाय, आणि आता ती बोलावतीया तर कापाय लागला व्हय? चाळीस वर्षांत मला एवढं कुणी धुतलं नव्हतं.

तेव्हा येतो. शुक्रवारी सकाळच्या एसटीनं निघेन. बाळासोला स्टँडवर पाठव. आमचं जे काही भांडण व्हायचं ते रिक्षात होऊन जाईल, मैदानावर नको.

पण माझी एक अट आहे. हवा भरून झाली की मी कडेला उभा राहणार नाही, तुझ्या शेजारी बसणार. आजवर इतक्या गाड्यांत हवा भरली, पण वळणावर पळणाऱ्या गाडीत मी एकदाही बसलेलो नाही. कुणी बोलावलं नाही, मीही विचारलं नाही. गाडी धूळ उडवत गेली की मी पुन्हा टबापाशी. ज्यानं हवा भरली त्यानं त्याच गाडीत पहिली फेरी मारायची, असा नियम पहिल्या दिवसापासून लावला असता तर तो मीटर मी दर महिन्याला तपासला असता. पहिल्या वळणाला तुझा पाय निघाला तर निघू दे, मी काही बोलणार नाही. दुसऱ्याला बघू. ओरडलो तर लक्ष देऊ नकोस, मला तरी कुठं ऐकू येतंय!

गुडघा, गोळी, जेवण, सगळ्यांची खबर घेऊन उलट टपाली पत्र टाक, मी निघायच्या आत पोचलं पाहिजे. आणि त्यात एवढं जरूर लिही की शेजारच्या सीटचा पट्टा डाव्या खांद्यावरून घ्यायचा की उजव्या, आणि तो लावला की सुटत तर नाही ना. काकीला फार काळजी लागून राहिलीय, तिच्यासाठी विचारतोय.

तुझा
आण्णा