एका हातचा खुराक

बाबा, आज चुलीच्या राखेत रताळी पुरताना तुमचा फार राग आला. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, राग आता शिळा व्हायला हवा होता. पण दादाने ओसरीवरून आवाज दिला, "बाई, झाले का वं?" आणि माझ्या हातातला चिमटा तसाच थांबला. दादा आता म्हातारा झाला आहे, गुडघे गेलेत, भिंतीला धरल्याशिवाय उठता येत नाही. आखाडा सुटून जमाना झाला, तरी दिवस कलला की त्याला काहीतरी गोड, पोटभरीचं लागतं, आणि ते माझ्याच हातचं लागतं. तुम्ही लावलेली सवय. तुम्ही गेलात, सवय राहिली, आणि सवयीपाशी मी राहिले. म्हणून म्हटलं, आज तुम्हाला लिहावं. तुमच्या गावाला डाकखाना नाही हे मला ठाऊक आहे, पण मनातलं बोलायला इथे तरी कोण बसलंय?

तेव्हा आपला मळा वलगावच्या शिवारात, नदीच्या अंगाला होता. साहेबाचं राज्य होतं आणि वऱ्हाडाचा कारभार नागपुराहून चालायचा, पण आपल्याला नागपुराचं काय? आपलं जग म्हणजे केळीची बाग, रताळ्यांचे वेल, वांगी, मेथी, आणि पहाटे अमरावतीच्या बाजाराला निघणारी बैलगाडी. माय गेली होती. माझं लग्न झालं तेव्हा मी परकर नेसत होते, आणि नांदायला जायच्या आतच नवरा पटकीने गेला. त्याचा चेहरा मला आठवत नाही, मुंडावळ्या आठवतात. आपल्यात विधवेचा पाट लावतात, दुसरं लग्न, तेव्हा लोक म्हणायचे, मोठी झाली की पाहू. तोवर तुम्ही मला शाळेत घातलंत. हे तुमचं चांगलं काम मी कधी विसरले नाही, आणि विसरणार नाही. सातवीची परीक्षा पास झाले तेव्हा तुम्ही बाजारातून हिरवं लुगडं आणलं होतंत आणि कुणाला काही न बोलता खुंटीला अडकवून ठेवलंत. ते माझं आहे हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

दादा त्याच वर्षी आखाड्यात जायला लागला. हाडं मोठी, पण अंगावर मांस नाही. वस्ताद म्हणाले, "मकान तं मोठं बांधलं देवानं, आत सामान भरा." मग तुम्ही सामान भरायला घेतलंत. दूध, तूप, बदाम. ज्या घरात दिवाळीशिवाय तूप दिसत नसे त्या घरात तुपाची बरणी आली, आणि दादा ते वाटीवाटीने पिऊन आखाड्यात जाऊ लागला. तुम्ही अभिमानाने बघत असायचात. मला मात्र तो परत आल्यावर दिसायचा, पोट धरून, करपट ढेकर देत, डोळे झाकत. मधोमध मूठ कोरलेला तो गोल जड दगड, ज्याला आखाड्यात नाल म्हणतात, तो त्याच्या छातीपर्यंतही येत नव्हता. वस्ताद म्हणायचे, अजून तूप वाढवा. तुम्ही वाढवायचात. असा सगळा उजेड होता.

मग एकदा तुम्ही बाजारात असताना दादाने तूप प्यायला नकार दिला. "मले ओकारी येते," म्हणाला. मी राखेतली दोन रताळी काढून, सोलून, गूळ लावून दिली. तो खाऊन गेला आणि त्या दिवशी नाल त्याने खांद्यावर घेतली. मला काही शास्त्र कळत नव्हतं, पण चूल कळत होती. जळण बारीक असलं की आच लगेच धरते, ओंडका घातला तर नुसता धूर होतो. मी त्याला बारीक जळण द्यायला लागले. व्यायामाला जायच्या आधी पिकलेलं केळं, सालीवर काळे ठिपके आलेलं, कारण अर्धकच्चं पोटात बसून राहतं. आल्याबरोबर गूळ-फुटाणे, नाहीतर सातूचं पीठ गुळाच्या पाण्यात कालवून. दुपारी ज्वारीच्या कण्या, आणि ज्या दिवशी वस्ताद जास्त घाम काढणार असतील त्या दिवशी भात. तूप ठेवलं, पण रात्रीच्या भाकरीवर, बोटभर. फुटाणे आधी दिले तर त्याला बैठका मारताना जड व्हायचं, नंतर दिले तर अंगी लागायचे, हेही मी त्याला बघूनच शिकले. वस्तादांनी ऐकलं तेव्हा ते हसून लोळले. "पहिलवान हाय का वानर? केळं खाऊन कुस्ती खेळन?" पण पावसाळा संपेपर्यंत वानराची मान आणि खांदे एक झाले होते, सदरा काखेत उसवत होता, आणि नाल डोक्यावर जात होती.

खरं सांगते बाबा, मला त्याचा फार आनंद होता. दादाच्या दंडावर मी चोरून हात लावून बघायचे. हे मी केलंय, असं वाटायचं. पिठातून, राखेतून. शाळेतल्या कुठल्याही गणिताने मला इतकं सुख दिलं नव्हतं. आणि तिथेच मी फसले. वस्ताद एक दिवस आपल्याकडे आले, दादाच्या पाठीवर थाप मारली आणि तुम्हाला म्हणाले, "माळीबुवा, एक गोठ ध्यानात ठेवा. खुराक एका हातचाच लागते. हात बदलला का अंग उतरते. ज्या हातानं चढलं, त्याच हातानं टिकन." आखाड्यात सगळे हे मानायचे. कुणाची माय, कुणाची मावशी, ज्याचा त्याचा हात ठरलेला असायचा. तुम्ही मान डोलावलीत आणि माझ्याकडे पाहिलंत. मला तेव्हा मोठा मान मिळाल्यासारखं वाटलं. मूर्खच होते.

मास्तरीणबाई आल्या तो दिवस आठवतो का तुम्हाला? तुम्ही गाडीच्या चाकाला वंगण लावत होता. बाई पुण्याकडच्या, शुद्ध बोलणाऱ्या, आपल्या बोलीला घाबरणाऱ्या. त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, अमरावतीला मुलींना मास्तरीण व्हायचं शिक्षण देतात, राहायची सोय आहे, विधवा मुलींना आधी घेतात, तुमची मुलगी हुशार आहे. मी दाराआड होते. छाती इतकी धडधडत होती की मला वाटलं बाईंना ऐकू जाईल. तुम्ही हात चिंधीला पुसलेत आणि म्हणालात, "चांगली गोठ हाय बाई. पन हिच्या हातचा खुराक हाय पोराले. चांदूर बाजारची कुस्त्यांची दंगल होऊ द्या, मंग पाहू." बाईंना काही कळेना. त्या म्हणाल्या, "खुराक म्हणजे? स्वयंपाक ना? तो दुसरं कुणी करील." तुम्ही हसलात. "तुमाले नाही समजनार बाई."

चांदूर बाजारची दंगल झाली, दादा जिंकला. मग तुम्ही म्हणालात मूर्तिजापूरची होऊ दे. तीही झाली. जिंकला की म्हणायचात, हाच हात पाहिजे. हरला की म्हणायचात, आता तर हाच हात पाहिजे. दर वर्षी मास्तरीणबाई विचारायच्या आणि दर वर्षी तुमच्याकडे पुढची दंगल तयार असायची. पाटासाठी दोन स्थळं आली, त्यांनाही तुम्ही हेच सांगितलंत. मी रात्री अंथरुणावर पडून स्वतःचे हात बघायचे. दोन साधे हात, नखांत राख. या हातांत इतकं काय आहे की त्यांना सोडता येत नाही? घरात सगळी दारं उघडी होती, कुणी मला कोंडलं नव्हतं, मारलं नव्हतं, उपाशी ठेवलं नव्हतं. मी मळ्याच्या टोकापर्यंत जायचे आणि सातू भिजवायची वेळ झाली म्हणून परत यायचे.

मग वहिनी आली. मी देवाला नारळ कबूल केला होता, की आता तरी सुटेन. वहिनी मोर्शीकडची, गोरी, स्वयंपाकात हातखंडा असलेली. ती आल्यावर आठ दिवसांत तिने एका सकाळी दादाला आखाड्यात निघताना केळं सोलून दिलं. नवी नवरी, हौसेने दिलं. तुम्ही ओसरीवरून उठलात, दादाच्या हातातून ते केळं काढून घेतलंत आणि बैलापुढे टाकलंत. "भाजी-भाकर तू कर पोरी, खुराकाले हात लावू नको." वहिनी थिजून उभी. मी मागे उभी. तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच तिचा नवरा धरून बसले आहे. मला ओरडून सांगावंसं वाटलं, अगं, घे, सगळं घे, केळीचे घड घे, गुळाची ढेप घे. पण तुमच्यासमोर ओरडायची रीत नव्हती. त्या दिवसापासून एका चुलीपाशी दोन बायका बसायच्या आणि एकमेकींशी बोलायच्या नाहीत.

आणि मग अकोल्याची दंगल. तुम्ही वस्तादांबरोबर कुस्तीची जोड ठरवायला एक दिवस आधीच गेलात. दादा मागून गाडीने येणार होता, डबा घेऊन. त्याच पहाटे मला हिवताप भरला. दोन गोधड्या घालूनही दात वाजत होते. मी उठायचा प्रयत्न केला आणि चुलीपाशी पडले. दादा घाबरला. वहिनीने मला उचलून अंथरुणावर टाकलं, पदर खोचला आणि डबा केला. सातूचे लाडू, केळी, रताळी. दादा दारात थबकला, माझ्याकडे बघत. मी म्हटलं, "जाय. उपाशी खेळशीन का?"

तो जिंकला. अकोल्याच्या मैदानात, नावाजलेल्या पहिलवानाला चीत केलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तुम्ही सगळे आलात, गुलालाने माखलेले, हलगी वाजत. माझा ताप उतरला होता. दादाने येऊन माझ्या कानात सांगितलं, "तुह्या वयनीचं खाऊन जितलो, बाई. आता सांग बाबाले." म्हणजे तोही माझ्यासाठी वाट बघत होता, मला माहीतच नव्हतं. किती वर्षांची ती कडी, ती अशी एका डब्याने निघाली. मी नाचायला हवं होतं. पण बाबा, मला आधी काय झालं ते सांगते. मला टोचलं. वहिनी दारात उभी होती, कपाळावर गुलाल, आणि माझ्या मनात आलं, दादाचे ते खांदे माझे होते, ते हिने नेले.

लोक गेल्यावर तुम्ही न्हाणीपाशी पाय धूत होता. मी तांब्या दिला आणि सांगून टाकलं. "डबा मी नव्हता केला. वयनीनं केला." तुम्ही पायावर पाणी घालत राहिलात. मग म्हणालात, "मले मालूम हाय. अकोल्याले डबा उघडला तवाच समजलं. तू रताळे राखेत भाजते, हे उकडेल होते."

"मंग त्याले खाऊ कावून देल्ले?"

"भुकेलं होतं लेकरू."

मी तिथेच खाली बसले. "हात बदलला का अंग उतरते, असं म्हनत होते ना तुमी?"

"हाताचं काही नसते, माय."

"हे कवापासून मालूम हाय?"

तुम्ही पाय पुसलेत, एकेक बोट, सावकाश. "पयल्यापासून."

मला वाटलं मी आता काहीतरी फेकेन. तांब्या हातातच होता. पण तुमचा चेहरा बघून हात उचलला नाही. तुम्ही खाली बघत म्हणालात, "तुही माय गेली तवा घर कसं झालं होतं, तुले आठवते का? तू लहान होती. मी मळ्यातून यायचो न् दारातच बसून राह्यचो. आत जावंसं वाटे नाही." मग उठताना, "उद्या गाडी अमरावतीले चालली. तुले जायचं असन तं चाल. मास्तरीणबाईले मी बोलतो."

रात्रभर मी जागी होते. गाठोडं बांधलं. हिरवं लुगडं वर ठेवलं. आणि मनात सगळी उत्तरं जुळवली. तुम्ही म्हणाल, दादाचं काय? मी म्हणेन, वहिनी आहे. तुम्ही म्हणाल, लोक काय म्हणतील? मी म्हणेन, म्हणू दे. तुम्ही म्हणाल, मी म्हातारा होत चाललो. त्यालाही उत्तर होतं, कडक होतं, ते आता लिहीत नाही. इतक्या वर्षांचं भांडण माझ्या घशात तयार बसलं होतं.

पहाटे गाडी जुंपलेली आहे. टोपल्या लावल्या आहेत आणि पुढे, तुमच्या शेजारी, एक पोतं दुमडून ठेवलंय, बसायला. तुम्ही बैलांची जोतं उगाच पुन्हा पुन्हा तपासता आहात. मी स्वयंपाकघराच्या दारात गाठोडं घेऊन उभी. तुम्ही एकदाही मागे वळून बघत नाही. मी वाट बघते. शेवटी तुम्ही विचारता, "येतं का?" एवढंच. त्यात ना हट्ट, ना विनवणी.

"आज नाही," मी म्हणाले. "चने भिजू घातले हायत."

तुम्ही मान हलवलीत आणि गाडी हाकलीत. पोतं तसंच होतं. पुन्हा तुम्ही विचारलं नाही, मीही विषय काढला नाही, मास्तरीणबाईंची बदली झाली, आणि दिवस गेले. लोकांना मी सांगत आले की बापाने मला अडकवलं. दादाला सांगितलं, वहिनीला सांगितलं, स्वतःला तर रोज सांगितलं. ते खोटं नाही, तुम्ही अडकवलंच होतंत. पण पुढचं कुणाला सांगितलं नाही. त्या सकाळी तुम्ही "जाऊ नको" म्हणाला असता ना बाबा, तर मी गेले असते.