चौसष्टची इम्पाला लेआंद्राकडे

मी, एलिसेओ आर्चुलेता, वय सव्वीस, राहणार एस्पॅन्योला, न्यू मेक्सिको, धंदा गाड्यांच्या गाद्या शिवण्याचा, हे मृत्युपत्र आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. हृदयाचे तसे म्हणता येत नाही. त्याची एक झडप नीट मिटत नाही आणि सोमवारी अल्बुकर्कीला छाती उघडून ती बदलणार आहेत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काळजीचे कारण नाही. मी कारण नसताना काळजी करणारा आहे. शाळा दहावीत सुटली, म्हणून अवघड शब्द तपासून लिहिले आहेत. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. बँकेतली सगळी शिल्लक माझी आई सिप्रियाना हिला मिळावी. ती "मला काय करायचेत?" म्हणेल. तिने छपराचे पत्रे बदलावेत.

कलम २. शिलाई यंत्र, वाकड्या सुया आणि मखमलीचे उरलेले तागे धाकटी बहीण लेआंद्रा हिला. यावर वाद नाही. वाद पुढच्या कलमावर आहे.

कलम ३. माझ्या नावावरची १९६४ सालची इम्पाला मोटार, तिला बटणाने वर-खाली करणारे पंप, बॅटऱ्या आणि किल्ल्यांसह, लेआंद्राला द्यावी.

हे का, ते लिहिणे भाग आहे. आमचे आजोबा ओनेसिमो इम्पालांची पिढीवार माहिती सांगत, जशी इतर घरांत चुलत्या-मावश्यांची सांगतात. अठ्ठावन्नची पहिली, मागे दोन्ही बाजूंना तीन-तीन लाल दिवे. तिला पाहून तरुण आजोबांनी लाकडाच्या गिरणीतले काम धरले. एकोणसाठची पंख पसरलेली, मांजरीच्या डोळ्यांची. "गाडी नव्हे ती, उडायला निघालेली कोंबडी!" असे म्हणत, पण रस्त्यात दिसली की हॅट काढत. एकसष्टची हलकी, छप्पर पातळ. आणि चौसष्टची: रेघ सरळ, कुठे काही जास्तीचे नाही. ती त्यांनी जुनी घेतली आणि मरेपर्यंत ठेवली. पासष्टची गोलसर झाली, एका वर्षात दहा लाखांवर खपली. "सगळ्यांची झाली," एवढेच ते म्हणत. पुढे ती लांब होत गेली, पंच्याऐंशीला बंद पडली, चौऱ्याण्णवला काळी, रुंद होऊन परतली. त्या दिवशी आजोबांनी शेजाऱ्यांना पोसोले, म्हणजे मक्याचा रस्सा, खाऊ घातला, जणू कुणी तुरुंगातून सुटून आले होते.

शेवटच्या आजारात चौसष्ट मला देताना आजोबा म्हणाले, "मिहो, माझ्या पोरा, फाकुंदो हिला उडवेल. तू पुसून पुसून रंग घालवशील. रंग परत देता येतो."

फाकुंदो माझा थोरला भाऊ. त्याच्याकडे एकसष्टची होती. त्या काळच्या इम्पालांच्या सांगाड्याचा कणा मधून जातो, कडेने आधार नसतो. पंप बसवायचे तर आधी पट्ट्या जोडून तो मजबूत करावा लागतो. फाकुंदोला ईस्टरच्या रविवारची घाई होती. पट्ट्या न जोडताच त्याने चर्चसमोर गाडी उंच उडवली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सांगाडा वाकला, त्यानंतर तिची दारे लागलेली नाहीत.

काल जेवताना मी कलम ३ वाचून दाखवले.

"लेआंद्राला?" फाकुंदो म्हणाला. "आपल्या घरात बायका चौसष्टमध्ये शेजारी बसतात. चालवत नाहीत."

"ज्या गादीवर तू बसतोस ना, ती मी शिवलीय," लेआंद्रा म्हणाली. "आणि तुझ्या एकसष्टची दारं लागली की मला बोलव हं. मी शेजारी येऊन बसेन."

"ए, थोरला आहे मी!"

"गप्प बसा दोघं," आई म्हणाली. "तो अजून इथेच आहे, आणि तुम्ही वाटणी करताय!"

मग कुणीच जेवले नाही. मी कलम बदललेले नाही. आतली लाल मखमल लेआंद्राने आणि मी मिळून शिवली. तिला या गाडीचा प्रत्येक टाका ठाऊक आहे.

कलम ४. घरातली २००४ची करडी इम्पाला फाकुंदोला. तो हसतो, "नावापुरती इम्पाला" म्हणतो. पुढची चाके ओढतात, पंप बसवण्यात अर्थ नाही, देखणीही नाही. पण माझा श्वास अडकला त्या पहाटे पहिल्याच किल्लीला सुरू झाली ती हीच. सोमवारीही मी हिच्यातूनच जाणार. २०२० साली इम्पाला पुन्हा बंद झाली. आता सांभाळायच्या त्या आहेत तेवढ्याच.

कलम ५. चौसष्टच्या डिकीवर आजोबांचा चेहरा रंगवलेला आहे. शेजारी जागा मोकळी आहे. मी गेलो तर तिथे माझा चेहरा काढायची घाई करू नये. आधी आईला विचारावे.

कलम ६. अंत्ययात्रेत चौसष्ट पुढे असावी, जमिनीला टेकेल इतकी खाली आणि सावकाश. लेआंद्राने चालवावी. फाकुंदोने शेजारी बसावे आणि बटणांना हात लावू नये.

कलम ७. मृत्युपत्र माणूस गेल्यावर लागू होते, हे मला माहीत आहे. हे कलम मी वाचलो तर लागू व्हावे. मला घरी आणायला चौसष्ट यावी, आणि तीही लेआंद्रानेच चालवावी. शेजारी मी बसेन. टाके असतील, तेव्हा उड्या नकोत. फक्त आमच्या गल्लीच्या वळणावर, आजोबा करत तशी, मागची बाजू एकदा हळूच खाली घ्यावी, म्हणजे पंपाच्या आवाजावरून आईला आतूनच कळेल कोण आले ते.

हे सर्व मी माझ्या मनाने लिहिले, दोघा साक्षीदारांना वाचून दाखवले आणि त्यांच्यासमोर सही केली.

एलिसेओ आर्चुलेता
एस्पॅन्योला, शनिवार, १४ ऑक्टोबर २०२३

साक्षीदार:
बेलार्मिनो गायेगोस, रंगकाम करणारा
रामोना सिस्नेरोस, शेजारीण

(खाली, वेगळ्या अक्षरात)
साक्षीदार नाही, भाऊ आहे. वाचले. सोमवारी करडी मी चालवतो. लेआंद्राने चौसष्टच्या बॅटऱ्या चार्ज करून ठेवाव्यात, कलम ७ साठी.
फाकुंदो