लहानीच्या ओठावर तुह्या मुक्याची खूण

माय,

लहानीचा ओठ पुन्हा उतला. केस पांढरे झाले माह्या या पाठच्या बहिणीचे, तरी कपाशी वेचायले जाते. तिथंच ऊन लागलं, अंगात कणकण आली अन् खालच्या ओठाच्या कोपऱ्यात फोडांचा झुपका उठला. अगदी तुहा उतायचा त्याच जागी. मी म्हटलं, "बरं झालं वं, ताप बाहेर पडला." तूच म्हणायची ना असं? ओठ उतला की ताप गेला समजायचं, वरून चुना लावायचा अन् वावरात निघायचं.

अशीच ओठ उतल्यावर एकदा तू चुलीपाशी बसलती. ताप गेला म्हणून खुशीत. लहानीले मांडीवर घेऊन पटापट मुके घेऊन राह्यलती. मी शाळेतून आली, जवळ सरकली, तं म्हणाली, "तू कायले येतं? मोठी झाली ना आता! जाय, पाणी आण." मी पाण्याचा पितळी गुंड घेऊन हापशीवर गेली. कसा जळफळाट झाला होता माह्या जिवाचा! अजूनही होते, खोटं कायले बोलू.

मागच्या हप्त्यात लहानीले राळेगावले नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाली, "ताप निघून जाण्याची ही खूण नाही. हा विषाणू आहे. बहुतेक वेळा लहानपणी घरच्यांच्याच मुक्यातून लागतो आणि जन्मभर नसेत दबून राहतो. ऊन, ताप, जागरण झालं की वर येतो. चुना लावू नका, फोड फोडू नका. ओठ चुरचुरला की लगेच हे मलम लावा अन् हात धुवा. बरं होईपर्यंत गिलास, टॉवेल वेगळा. लेकरांचे मुके घेऊ नका."

लहानी बसमध्ये रडली. "मायनंच देल्लं वं मले हे दुखणं." मले तिची कीव यायले पाहिजे होती. पण मी खिडकीबाहेर पाहत जळत राह्यली. तुह्या लुगड्यांच्या चिंध्या झाल्या, तुहा आवाजही मले नीट आठवत नाही, अन् तिच्या ओठात तुहा मुका अजून जिता हाये. ऊन तापलं की तू तिलेच भेटायले येतं. माह्यापाशी काय हाये?

आता ती माह्याच घरी हाये. तिचा गिलास मी वेगळा ठेवते, मलमाची आठवण देते. तुले हे पत्र कुठं पाठवू? म्हणून सांगून टाकते. परवा ती दुपारची झोपली होती, तिच्या गिलासात घोटभर पाणी उरलं होतं. मी ते ओठ लावून प्याली.

तवापासून आरशात पाहून राह्यली. अजून काहीच उठलं नाही, माय.