एका खोलीतली दोन नावं

नाना, तुमची वही मी रद्दीत जाऊ देणार नाही. हे आधी सांगते, बाकीचं मागून. तुम्ही गेलात त्याला वीसच्या वर वर्षं झाली, आणि तुम्ही जिथे कारकून होतात त्याच वॉर्ड ऑफिसात मी अजून कारकुनी करते आहे. वरून हुकूम आलाय: ज्या वह्यांत कित्येक वर्षांत एकही नोंद नाही त्या बंद करा, यादी करा, रद्दीवाल्याला द्या. त्या यादीत डिंडोलीच्या चाळींची खोलीवार रहिवासी वही आहे. पानन् पान तुमच्या हातचं. लिपी इथली, गुजराती; वळण मात्र आपल्या खानदेशातल्या शाळेचं.

ती वही तुम्ही घरी आणलीत तो दिवस मला चांगला आठवतो. मी नववीत होते. आई स्टोव्हपाशी कळण्याच्या भाकरी थापते आहे आणि तुम्ही भिंतीला टेकून वही उघडून बसला आहात. साहेबांनी सगळ्यांदेखत झापलं होतं: एका खोलीला एकच नाव, तुम्ही दोन-दोन लिहिलीत, जादाची खोडून आणा. पण कापडाच्या लूमवर बारा-बारा तासांच्या पाळ्या. सकाळी दिवसपाळीवाला उठून जातो आणि रातपाळीवाला येऊन त्याच गोधडीवर पडतो. त्या खोल्यांतलं अंथरूण कधी थंड पडतच नसे. वहीतला रकाना एका माणसाचा, तुम्ही त्यात बारीक अक्षरात दोघांना बसवलं होतं, एकापुढे ‘दिवस’, दुसऱ्यापुढे ‘रात’. आई म्हणाली, “पानीमा राहीसन मासासंगे वैर कशाले करतस?” तुम्ही मान वर न करता बोललात, “दिनले जो झोपस तो बी तठेच राहस. तो काय माणूस नही शे?” एकही नाव खोडलं नाहीत. महिन्याभरात तुमची बदली शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, इच्छापोरच्या बाजूला झाली, आणि पुढची कितीतरी वर्षं तुम्ही सायकल हाणत गेलात. आम्हाला तेव्हा तुमचाच राग यायचा.

गेल्या सोमवारी एक बाई आली, माझ्याहून थोडी मोठीच असेल. रस्त्यासाठी तिची चाळ पाडणार आहेत, जुन्या रहिवाशांना बदली घर मिळणार आहे. पण तुमची वही संगणकात उतरवणाऱ्यांनी प्रत्येक खोलीचं पहिलं नाव तेवढं घेतलं. सगळे रातपाळीवाले गळाले, तिचा मेलेला नवराही. “मना मालक रातपाळीले जाये, दिनभर त्याच खोलीमा झोपे,” ती म्हणाली. “कोठे लिखेल व्हई ते दखा ना, बहीण.” मी गठ्ठा सोडला, वही काढली, पान सापडलं. दुसरं नाव, पुढे ‘रात’. वाचून दाखवल्यावर ती रडली नाही, उलट भडकली. “मंग ह्या लोके माले खोटी काब म्हंतस?”

आताचे साहेब म्हणाले, “बेन, आ रजिस्टर तो बंध छे. बंध रजिस्टरनी नकल न अपाय.” बंद वहीची नक्कल देता येत नाही, एवढंच त्यांचं पालुपद. मी म्हटलं, बंद कुठे आहे? आणि त्यांच्यासमोर तुमच्या शेवटच्या ओळीखाली आजची तारीख घातली: अमुक खोलीच्या रहिवाशाची विधवा हजर, जुनी नोंद दाखवली, नक्कल दिली. खाली माझी सही. चालू वही रद्दीत जात नाही, हा त्यांच्याच हुकुमातला नियम. दुसऱ्या दिवशी त्याच चाळीतल्या आणखी चौघी बाकावर येऊन बसल्या. मी रोज एक नोंद करते आहे. मला मेमो मिळालाय, उद्या लेखी खुलासा द्यायचा आहे. देईन की! निवृत्तीला आठ महिने उरलेत, मेलं कोंबडं आगीला भीत नाही. नक्कल दिली, पुन्हा देईन, असं दोन ओळींत लिहिणार आहे. माफी मागणार नाही.

खुलाशात जे लिहिणार नाही ते इथे लिहिते. हे पत्र तरी कुठल्या पेटीत टाकणार? यादी पहिल्यांदा टेबलावर आली तेव्हा तुमच्या वहीपुढे ‘निरुपयोगी’ हा शेरा मीच मारला होता. अक्षर ओळखलं होतं, नाना. तरी मारला.